मारुती ८००: स्टिरिओ गिअरच्या मागून काढून डॅशबोर्डवर वर घ्यायचाय, जागा सुचवा

कराडची_मेघना

नमस्कार मंडळी. बाबांची २००६ ची मारुती ८०० एसी आता माझ्याकडे आहे, री-पासिंग झालंय, इंजिन ठणठणीत आहे आणि गाडी विकायचा अजिबात विचार नाही. माझं माहेर कराड, नोकरी चिपळूणला, त्यामुळे पाटण, कोयनानगर, हेळवाक करत कुंभार्ली घाट कायमचा पाठीशी लागलेला आहे.

अडचण अशी की स्टिरिओ बसलाय हीटर-एसीच्या खुंट्यांच्या खाली, म्हणजे जवळजवळ गिअरच्या दांड्यासमोर. पहिला किंवा तिसरा गिअर टाकला की गोळा आणि माझा हात बरोबर डिस्प्लेच्या पुढे येतो. घाटात तर सगळा वेळ दुसरा-तिसराच चालू असतो. आवाज कमी करायचा म्हटलं तरी मान खाली घालून, हाताच्या पलीकडे वाकून बघावं लागतं, आणि नेमका तेव्हाच वळणावरून वाळूचा डंपर येतो. मी गाणी बंद करून गाडी चालवावी असं घरचे सांगतात, पण दोन-अडीच तासांच्या एकटीच्या प्रवासात मला रेडिओ हवा असतो, तो माझ्यासाठी चैनीचा विषय नाहीये.

तर स्टिरिओ डोळ्यासमोर येईल अशा जागी हलवायचाय. कुणी ८०० मध्ये किंवा अशाच जुन्या छोट्या गाडीत हे केलंय का? डॅशबोर्ड कापायची माझी तयारी आहे, फक्त कापल्यावर परत जोडता येत नाही म्हणून आधी विचारतेय.

कोल्हापुरी_पिस्टन

ताई एक नंबर विषय काढला तुम्ही. आमच्याकडं जुन्या ८०० आणि ओम्नी अजून ढिगानं आहेत आणि सगळ्यांचं हेच दुखणं. सोपा उपाय सांगू का, जुन्या सिंगल डिनच्या (म्हणजे स्टिरिओच्या एका खणाच्या ठराविक मापाच्या) जागीच तो उभ्या स्क्रीनवाला अँड्रॉइड स्टिरिओ बसवा, डबा खाली राहतो आणि नऊ इंची स्क्रीन पुढं येऊन वर चढते. कापाकापी काही नाही. मी मित्राच्या गाडीत बसवलाय, लय भारी दिसतोय.

घाटमाथा

पिस्टन भाऊ, दिसायला भारी आहे हे मान्य, पण मेघनाताईंचा प्रश्न वेगळा आहे. त्या स्क्रीनमुळे ८०० सारख्या अरुंद डॅशवर मधले एसी व्हेंट झाकले जातात आणि हीटरच्या खुंट्याही स्क्रीनच्या मागे जातात, म्हणजे काच धुकटली की स्क्रीनच्या आड हात घालून खुंटी शोधायची. हॅझर्डचं बटन जर मधल्या भागात असेल तर तेही गेलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, टचस्क्रीनला स्पर्शाने काही कळत नाही, प्रत्येक वेळी बघूनच बोट ठेवावं लागतं. फिरवायचा नॉब असेल तर एकदा हाताला जागा पाठ झाली की नजर रस्त्यावरून हलत नाही.

मी तर म्हणेन स्टिरिओ हलवायच्या आधी नॉब असलेला स्टिरिओ आहे का ते बघा. फक्त बटणांवर आवाज कमीजास्त होणारा असेल तर तो बदला, मग जागेचं बघू.

कराडची_मेघना

आहे, नॉब आहे. सीडी नसलेला, फक्त रेडिओ-यूएसबी-ब्लूटूथवाला आहे, पुढचा पत्रा निघतो. टचस्क्रीन मला नकोच आहे.

वायरमनकाका

मेघना, बाळा, सीडी नसलेला आहे हे फार चांगलं. त्याची बॉडी आखूड असते, सीडीवाल्याच्या निम्म्याच्या आसपास. सीडीवाला असता तर किती तिरका बसवायचा यालाही मर्यादा आली असती, कारण आतली यंत्रणा ठराविक कोनापलीकडे तिरकी चालत नाही, मॅन्युअलमध्ये तो कोन दिलेला असतो. तुझ्याकडे ते बंधन नाही.

मी इचलकरंजीला गाड्यांच्या वायरिंगचं काम केलं, आता मुलगा बघतो दुकान. जागा ठरवताना पहिली गोष्ट मापं. सिंगल डिनचं तोंड १८० बाय ५० मिलिमीटर, हे सगळ्या कंपन्यांचं सारखं, आयएसओ ७७३६ नावाचं प्रमाण आहे त्याचं. त्याची पत्र्याची चौकट बसवायला भोक साधारण १८२ बाय ५३ कापायचं. पण खोली किती हे त्या प्रमाणात ठरवलेलं नाही, म्हणून ती स्वतः मोजायची, आणि नुसत्या डब्याची मोजून चालत नाही, मागे कनेक्टर, एरियलची पिन आणि वायरींचा वाक यांना अजून पाच-सहा सेंटिमीटर लागतात. लोक डब्याच्या मापाने भोक पाडतात आणि मग वायरी चेपून ढकलतात, तिथूनच पुढे इन्सुलेशन घासून शॉर्ट होतं.

दुसरी गोष्ट, तुझ्या डॅशमध्ये वरच्या अंगाला मधोमध मागे एसीची हवेची नळी आहे. तिथे आत शिरायला जागा नाही. म्हणजे व्हेंटच्या जागी स्टिरिओ हा विचार सोडून दे.

दूरदेशी

मी न्यू जर्सीत असतो, इथे माझ्याकडे जुनी माझदा मियाटा आहे, पहिल्या पिढीतली. तिचाही अगदी हाच प्रॉब्लेम, वर हीटर-एसीचं पॅनेल आणि खाली गिअरच्या तोंडाशी रेडिओ. त्यावर मियाटावाल्यांचा ठरलेला उपाय म्हणजे दोघांची अदलाबदल, रेडिओ वर आणि हीटरचं पॅनेल खाली. हीटर काय, एकदा सेट केला की तासभर हात लावायला लागत नाही, रेडिओला सतत लावावा लागतो, त्यामुळे वरची जागा रेडिओचीच असं माझंही मत आहे.

८०० मध्ये हे जमेल का ते मात्र केबलवर अवलंबून आहे. खुंट्या सरकवल्या की आत लोखंडी तारेच्या केबल ओढल्या जातात, त्या कडक असतात, त्यांना तीव्र वाक दिला की खुंटी जड होते आणि झडप अर्धीच उघडते. पॅनेल जितकं खाली न्यायचं तितकं केबल सैल आहे का, ते पॅनेलचे स्क्रू काढून हाताने धरून बघा. काही कापायच्या आधी हे बघता येतं.

नागपुरी_ऊन

मेघनाताई, डॅशच्या माथ्यावर ठेवणार असाल तर उन्हाचं आधी बघा जी. आमच्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ असते, बंद गाडीत डॅशबोर्डच्या वरच्या काळ्या प्लास्टिकवर हात ठेवता येत नाही, ७० च्या वर जाते ते. एलसीडी डिस्प्ले साधारण ६० डिग्रीपर्यंत चालायला बनवलेले असतात. गरम झाल्यावर अख्खा डिस्प्ले काळा पडतो, थंड झाल्यावर येतो परत, पण वर्षानुवर्षं असं होत राहिलं की कायमचा फिका पडते. कराड-चिपळूणला आमच्याइतकं ऊन नाही, तरी काचेखाली उघडा ठेवू नका. वरून छज्जा हवाच, आणि गाडी उन्हात लावताना काचेला आतून चंदेरी पडदा.

कराडची_मेघना

सगळ्यांचे आभार. केबल बघितल्या. हीटरचं पॅनेल खाली घेतलं की केबल मागे वळतात आणि गार-गरमची खुंटी ओढायला एकदम जड होते, म्हणजे अदलाबदल बाद. पावसाळ्यात काचेवर धुकं धरतं तेव्हा तीच खुंटी मला लागते, ती अर्धवट चालून चालणार नाही.

आता राहिलं डॅशच्या माथ्यावर छोटा डबा करून बसवणं. मधोमध बसवू का? तिथे सपाट जागा सगळ्यात जास्त आहे.

रत्नागिरीकर

मधोमध पुढे काचेजवळ बसवू नका. का ते सांगतो. काचेच्या बुडाशी डॅशवर ज्या लांबट जाळ्या असतात ना, त्यातून हवा वर काचेवर जाते. कुंभार्लीत जून ते सप्टेंबर ढग अक्षरशः रस्त्यावर उतरलेले असतात, बाहेर गार, आत माणसांच्या श्वासाची वाफ, मिनिटभरात काच पांढरी होते. त्या जाळ्यांपुढे डबा ठेवलात तर काचेचा बरोबर तेवढाच पट्टा साफ होणार नाही, आणि तो पट्टा डावीकडच्या वळणावर बघायचा असतो. मी आंबा घाटात रोज ये-जा करणारा माणूस आहे, स्टिरिओ नसला तरी चालेल पण ही हवा अडता कामा नये.

घाटमाथा

रत्नागिरीकरांना +१. हे मलाही सुचलं नव्हतं.

जागा ठरवायला एक साधी पद्धत सांगतो. नेहमीसारखं सीटवर बसा, सीट पुढेमागे जिथे असते तिथेच. दुसऱ्या कुणालातरी टेप घेऊन शेजारी बसवा. तुमच्या डोळ्यापासून डिस्प्ले किती खाली आहे आणि किती पुढे आहे ही दोन मापं घ्या. समजा ५० सेंटिमीटर खाली आणि ७० पुढे, तर नजर साधारण ३५ अंश खाली जाते. वर घेतल्यावर २५ खाली आणि ८० पुढे आला तर १७ अंशांवर येते. गाड्यांमधल्या डिस्प्लेसाठी जे नियम सुचवलेले आहेत ते साधारण ३० अंशांच्या आत ठेवा असं सांगतात, कारण त्याच्या आत असलं की खाली बघतानाही डोळ्याच्या वरच्या कडेला रस्ता दिसत राहतो, समोरच्याने ब्रेक मारला तर कळतं. त्याच्या खाली गेलं की मानच वळते आणि रस्ता पूर्ण नजरेआड होतो.

अमेरिकेच्या एनएचटीएसए या खात्याने २०१३ मध्ये अशी मार्गदर्शक तत्त्वं काढली की एका वेळची नजर २ सेकंदांच्या आत असावी. घाटात ४० च्या वेगाने गाडी सेकंदाला ११ मीटर जाते, म्हणजे २ सेकंदांत २२ मीटर, कुंभार्लीत तेवढ्यात अख्खं वळण संपतं. म्हणून मी २ सेकंदसुद्धा जास्तच धरतो.

कोल्हापुरी_पिस्टन

हे अंशाचं गणित मला पटलं. आत्ताच आमच्या गाडीत मोजून आलो, माझी ती स्क्रीन वीस अंशाच्या आसपास येतीय पण तिच्यावर गाणं शोधायला तीन-चार वेळा बोट ठेवायला लागतं, म्हणजे नुसती वर असून भागत नाही. नॉबचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. ताई, मीटरच्या डाव्या अंगाला जागा आहे बघा, मीटरच्या टोपीला चिकटून. तिथं हात पण सहज पोचतो आणि काचेपासून लांब राहतं.

कराडची_मेघना

पिस्टन, तुम्ही म्हणता ती जागा मोजली. मीटरच्या टोपीच्या डावीकडे, मधल्या व्हेंटच्या वरच्या कडेला. काचेच्या जाळ्या मोकळ्या राहतात. पुठ्ठ्याचा स्टिरिओच्या मापाचा खोका करून चिकटपट्टीने तिथे लावलाय आणि तसाच घेऊन घाटातून जाऊन आले, म्हणजे आडवं काही येतंय का ते कळेल. डावीकडच्या वळणावर खोक्याची वरची कड बॉनेटच्या वर येत नाही, मीटरच्या टोपीइतकीच उंची ठेवली तर रस्ता जराही झाकत नाही. एक सेंटिमीटर उंच केला की लगेच डावीकडचा कठडा कापला जातो. माझी उंची कमी आहे, सीट पुढे असते, त्यामुळे हे माझ्यासाठीच मोजून घ्यावं लागलं, उंच माणसाचं माप मला चालणार नाही.

आता डबा कशाचा करू? आणि वायरिंगचं काका सांगा.

घाटमाथा

डब्यासाठी हल्ली लोक थ्रीडी प्रिंट करून घेतात. पुण्यात मुलं करून देतात, पण कुठल्या प्लास्टिकमध्ये ते विचारा. पीएलए नावाचं जे सगळ्यात स्वस्त असतं ते ६० डिग्रीलाच मऊ पडतं, डॅशवर उन्हात वाकडं होणार हे ठरलेलं. पीईटीजी ८० च्या आसपास, एबीएस किंवा एएसए १०० च्या पुढे. डॅशच्या माथ्यावर शेवटचे दोनच.

वायरमनकाका

प्रिंटबिंट ठीक आहे, पण कराडात फॅब्रिकेशनवाला शंभर पावलांवर मिळतो. दोन मिलिमीटरचं अॅल्युमिनियम कापून घडी मारून घे, वर-खाली-दोन बाजू, पुढून मागून उघडा. स्टिरिओच्या मागच्या अंगाला जो पंखांसारखा पत्रा असतो तिथून उष्णता बाहेर पडते, ती मागून उघडी राहिली पाहिजे. वरून सीट कव्हरवाल्याकडून काळं मॅट रेक्झिन चढवून घे, चकचकीत नको, नाहीतर काचेत डब्याचंच प्रतिबिंब दिसत राहील. पुढे वरचा पत्रा दोन सेंटिमीटर जास्त ठेव, तो नागपूरच्या भाऊंचा छज्जा.

आता वायरिंग, नीट वाच.

सगळ्यात आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढायचं. मग काम.

पिवळी वायर म्हणजे कायमचे १२ व्होल्ट, घड्याळ आणि स्टेशनची मेमरी त्यावर. लाल म्हणजे चावी फिरवल्यावर येणारे. काळी अर्थ. नारिंगी ही पार्किंग लाइटची, ती जोडली की रात्री डिस्प्ले मंद होतो. तुझ्या स्टिरिओला ती असेल तर जोडच, वर डोळ्यासमोर आल्यावर तो उजेड खाली असताना लागत होता त्याहून जास्त लागणार. निळी एरियलच्या मोटरची किंवा अॅम्प्लिफायरची, तुला नको, तिचं टोक टेप मारून बंद कर, उघडं सोडू नको, तिच्यात करंट असतो. पांढरी, राखाडी, हिरवी, जांभळी या स्पीकरच्या, आणि प्रत्येकीची काळ्या पट्ट्याची जोडीदारीण ही निगेटिव्ह.

त्या निगेटिव्ह कधीही बॉडीला अर्थ करायच्या नाहीत. जुन्या कॅसेटच्या जमान्यातल्या काही सेटना चालायचं, आजच्या सेटमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरींवर व्होल्टेज असतं, एक जरी बॉडीला लागली तरी आतला आयसी, म्हणजे स्पीकर चालवणारी चिप, जाऊ शकतो. जुन्या गाड्यांत आधीच्या कुणीतरी चार स्पीकरच्या निगेटिव्ह एकत्र पिळून बॉडीला लावलेल्या मी अनेकदा बघितल्यात. तुझ्या गाडीत आधी तपास.

वायर किती जाड, तर पिवळी आणि काळी दीड स्क्वेअर एमएमची घे. स्टिरिओला सहसा १० अँपिअरचा फ्यूज असतो, पूर्ण १० अँपिअर ओढले तरी दीड स्क्वेअरच्या एक मीटर तांब्यात ०.१ व्होल्टच्या आसपास पडतात, काही फरक पडत नाही. खोक्यावर ५० वॅट गुणिले ४ लिहिलेलं असतं त्याला घाबरून जाड केबल टाकायची गरज नाही, सतत चालणारी ताकद एका स्पीकरला २० वॅटच्या आसपासच असते. स्पीकरला ०.७५ पुरे.

जोड सोल्डर करून श्रिंक स्लीव्ह चढव, नाहीतर चांगल्या पक्कडीने क्रिंप कर, म्हणजे धातूच्या नळीत घालून दाबून टाक. नुसतं पिळून काळी टेप नको, उन्हात तिचा डिंक वितळतो, टेप घसरते आणि तांबं उघडं पडतं. फ्यूज स्टिरिओच्या मागे असतो तो आहेच, पण पिवळी वायर थेट बॅटरीवरून आणलेली असेल तर बॅटरीच्या जवळ वेगळा फ्यूज हवा, कारण मधली वायर कुठे घासली तर मागचा फ्यूज तिला वाचवत नाही.

रत्नागिरीकर

काकांच्या पोस्टला जोड म्हणून अर्थबद्दल. स्टिरिओच्या पत्र्यातून आपोआप अर्थ मिळतो असं समजून काळी वायर कुठल्याही स्क्रूला लावू नका, आता तर डबा प्लास्टिकच्या डॅशवर असणार. डॅशच्या आत आडवी लोखंडी पट्टी आहे, तिथल्या बोल्टखाली रंग खरवडून रिंग टर्मिनल लावा आणि वर ग्रीस चोपडा. चिपळूणची हवा खारी आणि दमट, वर्षाभरात गंज धरतो, मग एक्सलरेटर दाबला की स्पीकरमधून कुईंऽऽ असा आवाज यायला लागतो. तो आवाज आला की लोक स्टिरिओ बदलतात, खरं तर बहुतेक वेळा अर्थच खराब असतो.

एरियलची वायर वाढवायला तयार एक्स्टेन्शन मिळतं, आतबाहेर पिन बसवलेलं. साधी वायर जोडू नका. एफएमला एक मीटरने फारसा फरक पडत नाही, पण आकाशवाणी मीडियम वेव्हवर ऐकत असाल तर केबल जितकी लांब तितका सिग्नल कमी, त्यामुळे हवी तेवढीच लांब घ्या आणि गुंडाळी करून ठेवू नका. हीटरच्या पंख्याच्या वायरीपासून लांब न्या, नाहीतर पंख्याची घरघर रेडिओत येते.

ओम्नीवाला_बार्शी

मी वाचतोय, फार कामाचं चाललंय. एक शंका, असं वर बसवलेलं आरटीओ पासिंगला चालतं का? मला कुणीतरी सांगितलं की गाडीत बदल केला म्हणून अडवतात.

घाटमाथा

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ जे आहे ते आरसीत (गाडीच्या नोंदणी पुस्तकात) नोंदलेल्या गोष्टी बदलण्याबद्दल आहे, म्हणजे इंजिन, चासी, सीटची संख्या, इंधन वगैरे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये जो निकाल दिला तोही याच कलमावर. स्टिरिओची आरसीत नोंदच नसते. पण काचेतून दिसणारा रस्ता झाकला तर तो प्रश्न वेगळा, तिथे कायद्याच्या आधी जिवाचा प्रश्न येतो.

आणि ज्यांच्या गाडीत एअरबॅग आहे त्यांनी हा सगळा धागा वाचून लगेच डॅशवर काही बसवू नका. डावीकडची एअरबॅग बऱ्याच गाड्यांत डॅशच्या माथ्यातूनच फुटते, तिच्या वर किंवा वाटेत असलेली वस्तू सरळ माणसाच्या तोंडावर येते. आत पिवळ्या कव्हरच्या वायरी दिसल्या तर त्या एअरबॅगच्या, त्यांना हातही लावायचा नाही. ८०० मध्ये एअरबॅगच नाही म्हणून इथे मोकळीक आहे.

कराडची_मेघना

काम झालं! सविस्तर लिहिते, कारण ८०० वाल्यांना उपयोगी पडेल.

डबा फॅब्रिकेशनवाल्याकडून अॅल्युमिनियमचा करून घेतला. पुठ्ठ्याचा खोका सोबत नेला होता, त्यामुळे त्यांना काही समजवावं लागलं नाही, खोक्यावरूनच मार्किंग केलं. वरची पट्टी पुढे दोन सेंटिमीटर जास्त, आणि डबा माझ्याकडे किंचित वळवलेला, म्हणजे डिस्प्ले सरळ तोंडावर येतो. सीट कव्हरवाल्या दादांनी काळं रेक्झिन इतकं छान चढवलं की कोपऱ्याला चुणी नाही.

बसवायला डॅशच्या माथ्यावर वरून आंधळेपणाने स्क्रू मारायचा नव्हता, खाली कुठली वायर किंवा नळी आहे कळत नाही. म्हणून मीटरचा कन्सोल सोडवला, त्यासाठी मागची स्पीडोमीटरची केबल काढावी लागते, आणि त्या पोकळीतून हात डावीकडे आत घातला. तिथे बोटांना डॅशच्या प्लास्टिकची खालची बाजू लागते. मग दोन बोल्ट आरपार, खालून अॅल्युमिनियमची पट्टी, त्यावर नट आणि स्प्रिंग वॉशर. नुसते वॉशर असते तर पातळ प्लास्टिक चिरलं असतं, पट्टीमुळे भार पसरतो. डबा आणि डॅशच्या मध्ये पातळ फेल्ट घातलंय. स्टिरिओच्या मागे जो बोल्ट असतो त्याला भोकांची पट्टी लावून तीही डब्याला आवळली, नाहीतर सगळं वजन पुढच्या चौकटीवर येतं आणि खड्ड्यात टकटक होते. पाटणच्या पुढचा रस्ता ज्यांना माहीत आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

वायरी डब्याच्या मागून खाली नेल्यात, जिथे प्लास्टिकच्या कडेवरून जातात तिथे रबरी ग्रॉमेट. स्पीकरच्या निगेटिव्ह काकांनी सांगितल्याप्रमाणे तपासल्या, मागच्या दोन्ही खरंच बॉडीला लावलेल्या निघाल्या, आधीच्या कुणीतरी केलेलं काम. त्या दोन्ही वेगळ्या ओढून घेतल्या. आता मागच्या स्पीकरचा आवाज इतका स्वच्छ झालाय की आई मागे बसून म्हणाली नवीन स्पीकर घेतलेस का.

नारिंगी वायर जोडली. रात्री हेळवाकच्या पुढे पूर्ण काळोख असतो, तिथे बघितलं, छज्ज्यामुळे काचेत डिस्प्लेचं प्रतिबिंब येत नाही आणि मंद झाल्यावर डोळ्याला टोचतही नाही.

घाटात फरक असा की नॉब स्टिअरिंगच्या कडेपासून वीतभर अंतरावर आला. हात सोडून मधल्या बोटाने चाचपडलं की लागतो, आवाज कमी, हात परत स्टिअरिंगवर, नजर वळणावरच. गाणं कुठलं चालू आहे ते बघायलाही मान हलत नाही.

वायरमनकाका

शाब्बास पोरी. निगेटिव्हचं सापडलं ते फार बरं झालं. खालची जुनी जागा रिकामी ठेवू नको, आत कागद-नाणी पडली की खाली उरलेल्या वायरींवर जाऊन बसतात. तिथल्या ज्या वायरी आता लागत नाहीत त्यांच्या टोकांना स्लीव्ह घालून बांधून टाक.

कराडची_मेघना

हो काका, बांधल्या. त्या भोकात सिंगल डिनच्या मापाचा प्लास्टिकचा कप्पा मिळतो तो बसवला, पेन ड्राइव्ह आणि सुट्टे पैसे राहतात.

नागपुरी_ऊन

झकास झालं ताई. रोज उतरताना पुढचा पत्रा काढून घेत जा. वर बसवलेला सेट बाहेरून कोणालाही दिसते. पूर्वी कॅसेटचे सेट लोक अख्खे उपसून घरी न्यायचे ते उगाच नाही, मग कंपन्यांनी पुढचा पत्रा निघणारे काढले. उन्हापासून डिस्प्लेही वाचते.

ओम्नीवाला_बार्शी

मेघनाताई, ओम्नीत तर डॅश अजूनच सपाट आणि पातळ आहे, माथ्यावर बोल्ट मारायला जागा नाही. छताला बसवू का, जीप-ट्रकमध्ये असतो तसा?

कोल्हापुरी_पिस्टन

भावा छताला बसवलास तर बघायला मान वर करायला लागणार, गणित तेच झालं की. आणि डोकं आपटायच्या उंचीला टोकदार काही नको.

घाटमाथा

बरोबर. वर असो की खाली, रस्त्यापासून किती अंश लांब ते मोजायचं. ओम्नीत मीटरच्या डावीकडे पुढून लटकवता येतो का बघा, डॅशच्या पुढच्या उभ्या भागावर एल आकाराची पट्टी मारून, खालून नाही तर बाजूने धरलेला. गुडघ्याला लागणार नाही एवढा वर. स्टिरिओ आखूड बॉडीचा असेल तरच जमेल, आधी खोली मोजून सांगा.

ओम्नीवाला_बार्शी

बॉडी मोजली, कनेक्टर धरून पंधरा सेंटिमीटर भरतेय. उद्या पुठ्ठ्याचा खोका करून लावतो आणि डोळ्यापासूनची दोन्ही मापं टाकतो.

वायरमनकाका

खोका लावून सगळे गिअर टाकून बघ, हँडब्रेक ओढून बघ, आणि डावीकडचं दार उघडून शेजारच्या सीटवर माणूस चढउतार करून बघ. ओम्नीत गुडघा कुठे येतो ते बसल्यावर कळत नाही, चढताना कळतं.